तपकिरी छटा आणि खरा चेहरा

अलीकडच्या काळात प्रसिद्ध झालेली एखाद्या धर्मग्रामाची महोत्सवी स्मरणिका उघडावी, तर तिच्या पहिल्या काही पानांवर तपकिरी छटेतील छायाचित्रे हमखास आढळतात. मंदिराची जुनी इमारत, पहिले धर्मगुरू, बँड पथक, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलामुलींची रांग, सारे काही चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे. विवाहाच्या निमंत्रणपत्रिका, दिवंगतांच्या स्मरणार्थ वाटली जाणारी कार्डे आणि दिनदर्शिका यांनीही हीच वाट धरली आहे. पूर्वी यासाठी अंधारखोलीत रसायनांशी झटावे लागे. आता संगणकावर किंवा हातातील मोबाइलवर एका स्पर्शात कोणतेही चित्र उबदार होते.

ही रीत सुंदर आहे की नाही, एवढाच प्रश्न असता तर तो ज्याच्या त्याच्या अभिरुचीवर सोपवून आम्ही मोकळे झालो असतो. परंतु छायाचित्र हे केवळ शोभेचे चित्र नसते. ती एक साक्ष असते. अमुक एक माणूस अमुक एका क्षणी प्रकाशात उभा होता, हे ते सांगते. अशा साक्षीवर आपण छटा चढवतो तेव्हा तिच्या अर्थाचे काय होते, याचा विचार कलासमीक्षेने केला पाहिजे. आणि मृतांचे स्मरण हे ज्यांच्या श्रद्धेचे अंग आहे, त्या आपल्यासारख्यांनी तर तो अधिक आस्थेने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम या छटेचे मूळ पाहू. कृष्णधवल छायाचित्रातील काळेपणा हा शाईचा नसून चांदीचा असतो. कागदावरील थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात आणि तेच आपल्याला काळे दिसतात. हे कण जितके बारीक, तितका त्यांचा रंग तपकिरीकडे झुकतो. म्हणून छायाचित्रणकलेच्या पहिल्या काही दशकांत, मिठाच्या पाण्यात बुडवून तयार केलेल्या कागदावरील चित्रे आपोआपच लालसर-तपकिरी उतरत. १८५० साली फ्रान्समधील ब्लांकार-एव्हरार यांनी अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद प्रचारात आणला आणि पुढील चार दशके हाच कागद जगभर चालला. त्यावरील चित्रही जात्याच तपकिरी असे. त्याला कोणी मुद्दाम उबदार केलेले नव्हते.

लवकरच एक दुखणे ध्यानात आले. ही चित्रे काही वर्षांतच पिवळी पडत व फिकट होत. १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने या दुखण्याच्या चौकशीसाठी एक समितीच नेमली. चित्र पक्के करण्यासाठी वापरला जाणारा हायपो नीट धुतला न जाणे, हवेतील गंधक आणि ओलावा ही कारणे पुढे आली, आणि चित्रास सोन्याच्या क्षाराचा संस्कार द्यावा अशी शिफारस झाली. सोन्याचा हा उपयोग नवा नव्हता. फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४० सालीच धातूच्या पत्र्यावरील छायाचित्रांना सोन्याचा मुलामा देऊन ती टिकाऊ करून दाखवली होती.

ज्याला आज आपण 'सेपिया' म्हणतो, ती रीत यानंतरची. सेपिया हे मुळात माकुल जातीच्या समुद्रजीवाचे नाव; त्याच्या शाईपासून चित्रकार तपकिरी रंग करीत. छायाचित्रात मात्र त्या शाईचा थेंबही नसतो, साम्य केवळ रंगाचे. तयार कृष्णधवल चित्र आधी पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ब्रोमाइड यांच्या द्रावणात घालतात. तेथे चांदीचे ब्रोमाइड होऊन चित्र जवळजवळ नाहीसे होते. मग ते सोडियम सल्फाइडच्या द्रावणात घालताच पाहता पाहता तपकिरी रूपात परत प्रकटते. सडक्या अंड्यांसारखा वास सुटत असल्यामुळे हे काम करणाऱ्यांना खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत. पण या खटाटोपाचे फळ मोठे होते. चांदीचे सल्फाइड हे शुद्ध चांदीपेक्षा कितीतरी अधिक टिकाऊ. हवेतील दूषित वायूंना ते सहसा दाद देत नाही. जो गंधक निष्काळजीपणाने राहून गेला तर चित्राला पिवळे पाडतो, तोच गंधक शिस्तीने व पुरेपूर दिला तर चित्राचे रक्षण करतो.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. उबदार छटा ही आरंभी भावनेसाठी दिलेली नव्हती. ती एकतर त्या प्रक्रियेचा स्वाभाविक रंग होती, अथवा चित्र टिकावे म्हणून केलेला उपचार होती. आजची संगणकीय छटा यांपैकी काहीच नाही. तिने चित्राचे आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही. रसायनाची छटा चित्राच्या द्रव्यातच बदल घडवीत असे. संगणकाची छटा वरून पांघरलेली शाल असते. शाल पांघरण्यास हरकत नाही, पण शालीलाच अंग समजण्याची चूक होऊ नये.

शिवाय त्या रंगाचा अर्थही सदैव एकच नव्हता. कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या इंग्रज बाईंनी आपल्या घरातील मेरी हिलियर या सेविकेला पवित्र मारियेच्या रूपात बसवून अनेक छायाचित्रे घेतली. ती आज आपल्याला तपकिरी दिसतात आणि आपण नकळत म्हणतो, काय जुन्या काळचे वातावरण आहे! परंतु १८६० च्या दशकात ज्यांनी ती चित्रे पाहिली, त्यांना त्या रंगात जुने असे काहीच जाणवण्याचे कारण नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती अगदी नवी वस्तू होती. कॅमेरॉनबाईंच्या चित्रांतील ऊब त्या तपकिरी रंगातून आलेली नाही. एका बाजूने येणारा मऊ प्रकाश, मुद्दाम थोडी ढिली सोडलेली रेषा आणि एका कष्टकरी स्त्रीच्या चेहऱ्यात प्रभूच्या मातेचे दर्शन घेण्याची दृष्टी यांतून ती आलेली आहे. ती चित्रे निव्वळ काळ्या-पांढऱ्यात छापली तरी तो भाव फारसा उणावणार नाही.

दुसरे उदाहरण चित्रपटाचे. १९३९ सालच्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या अमेरिकन चित्रपटात डोरोथीचे कॅन्सासमधील घर तपकिरी छटेत दाखवले आहे आणि स्वप्नभूमी झगझगीत रंगांत. तेथे तपकिरी म्हणजे रमणीय भूतकाळ नव्हे. तेथे तपकिरी म्हणजे धूळ, कंटाळा आणि दारिद्र्य. तोच रंग आज आपल्या मनात आजीच्या मायेची आठवण जागवतो. याचा अर्थ, रंगात स्वतःची अशी ऊब नसते. पाहणाऱ्यांच्या सवयीने ती त्यात घातली जाते. सवयीने घातलेला भाव हा सर्वांत स्वस्त भाव असतो, हे समीक्षेने सांगितलेच पाहिजे. एखादे साधारण छायाचित्र तपकिरी करताच हृद्य वाटू लागते, तेव्हा आपण त्या माणसाकडे पाहून द्रवतो आहोत की केवळ त्या रंगाकडे पाहून, हे स्वतःला विचारून पाहावे.

या स्वस्त भावाची किंमत कधीकधी दुसऱ्यांना मोजावी लागते. एडवर्ड कर्टिस या अमेरिकन छायाचित्रकाराने तेथील मूळ रहिवाशांच्या जीवनावर वीस खंडांचा एक प्रचंड ग्रंथ १९०७ ते १९३० या काळात प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे तपकिरी शाईत छापलेली आहेत आणि ती फार देखणी आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु त्यांपैकी एक चित्र विचार करण्याजोगे आहे. १९१० साली घेतलेल्या या चित्रात पिगन जमातीचे दोन पुरुष आपल्या तंबूत बसले आहेत. मूळ निगेटिव्हमध्ये त्या दोघांच्या मध्ये एक घड्याळ आहे. ग्रंथात छापताना ते घड्याळ पुसून टाकलेले आहे.

घड्याळ का पुसले? कारण ही माणसे लोप पावत चाललेल्या युगातली आहेत, ही कर्टिसची भूमिका होती. घड्याळ ठेवले असते तर ती माणसे त्याच्याच काळात, त्याच्याच विसाव्या शतकात राहत असल्याचे दिसले असते. पुसलेले घड्याळ आणि चढवलेली तपकिरी छटा यांनी मिळून जिवंत माणसांना भूतकाळात ढकलले. कर्टिसच्या परिश्रमांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. त्या जमातींच्या आजच्या पिढ्याही आपल्या पूर्वजांचे चेहरे त्याच्या ग्रंथांत शोधतात. पण शोधणाऱ्यांना घड्याळासकट पूर्वज मिळण्याचा हक्क होता, एवढेच आमचे म्हणणे.

आता आपल्या अगदी जवळच्या उदाहरणाकडे येऊ. लिझ्यूची संत तेरेझा, म्हणजे आपल्या कितीतरी शाळांना व घरांना जिचे 'लिटल फ्लॉवर' हे नाव परिचित आहे, ती छायाचित्रे उपलब्ध असलेल्या आरंभीच्या संतांपैकी एक. १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासह तिला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले. या जोडीत एक विलक्षण अंतर आहे. ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत त्या झेवियरांचा चेहरा आपण केवळ चित्रकारांच्या कल्पनेतून जाणतो. तेरेझेचा चेहरा मात्र प्रकाशाने स्वतः नोंदवून ठेवला आहे.

ही नोंद झाली ती तिच्या भगिनीमुळे. वडील लुई मार्टिन यांचे जुलै १८९४ मध्ये निधन झाल्यावर सेलीन १४ सप्टेंबर १८९४ रोजी लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली, आणि येताना आपला कॅमेरा घेऊन आली. त्या वेळी मठाध्यक्षा होत्या त्यांच्याच थोरल्या भगिनी, मदर अॅग्नेस. कडक एकांतवासाच्या मठात कॅमेरा येणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. पुढील तीन वर्षांत सेलीनने काचेच्या प्लेटांवर मठातील जीवन टिपले. कपडे धुणाऱ्या, गवत वाळवणाऱ्या भगिनी, नाटुकल्यात जोन ऑफ आर्कचा वेष केलेली तेरेझा, हे सारे त्यात आहे. ७ जून १८९७ रोजी, क्षयाने खंगलेली तेरेझा बाळ येशू आणि पवित्र मुखमंडल यांची चित्रे हातात धरून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. सेलीनचे समाधान होईना, म्हणून तिला पुन्हा पुन्हा उभे राहावे लागले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ३० सप्टेंबर रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिने देह ठेवला.

तेरेझेच्या मृत्यूनंतर तिची कीर्ती झपाट्याने पसरली आणि जगभरातून तिच्या चित्रांची मागणी येऊ लागली. परंतु मठाने मूळ छायाचित्रे जशीच्या तशी बाहेर दिली नाहीत. सेलीन ही चित्रकलाही जाणणारी. तिने काही छायाचित्रांवर हात फिरवला, काहींवरून नवी चित्रे काढली. १९१२ साली तिने काढलेले, क्रूस आणि गुलाब हाती धरलेल्या तेरेझेचे चित्र तर जगाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले. आपल्याकडील देवळांतील मूर्ती आणि प्रार्थनापुस्तकांत ठेवायची चित्रे बहुतांशी त्याच वळणाची. या साऱ्यांत चेहरा मृदू झाला, हनुवटीचा ठामपणा ओसरला, नजर स्वप्नाळू झाली. उबदार छटेने जे सौम्य प्रमाणात साधते, तेच येथे कुंचल्याने पुरते साधले.

मूळ छायाचित्रे जगासमोर आली ती १९६१ साली. सेलीनचे १९५९ मध्ये निधन झाल्यानंतर, फादर फ्रान्स्वा द सेंत-मारी या कार्मेलाइट धर्मगुरूंनी तेरेझेची ४७ छायाचित्रे, रिटचिंगविना, प्रसिद्ध केली. अनेकांना धक्का बसला. गोंडस फुलासारख्या मुलीच्या जागी एक भरीव चेहऱ्याची, स्थिर नजरेची, निश्चयी तरुणी समोर उभी होती. ७ जूनच्या छायाचित्रात तर थकवा आहे, आजार आहे आणि त्यामागे न ढळणारे असे काहीतरी आहे. आम्हांस हे छायाचित्र साऱ्या गुलाबांच्या चित्रांहून अधिक भक्तिदायक वाटते, आणि त्याचे कारण सांगता येण्याजोगे आहे. गुलाबांच्या चित्रातील मुलीला पवित्र होण्यासाठी काही सोसावे लागले असेल, असे तिच्या मुद्रेवरून दिसत नाही. छायाचित्रातील स्त्रीने ते सोसले आहे. तिच्या शेवटच्या अठरा महिन्यांत श्रद्धेचा अंधार तिने अनुभवला, हे तिच्या चरित्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या अंधाराची खूण चेहऱ्यावरून पुसली, तर तिचे संतपणही अर्धे पुसले जाते.

लेखनाच्या बाबतीतही हेच घडले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. तेरेझेचे आत्मचरित्र १८९८ साली प्रथम छापले गेले, ते मदर अॅग्नेस यांनी पुष्कळ फेरफार करून. तिच्या हस्ताक्षरातील मूळ वह्या हुबेहूब रूपात १९५६ साली याच फादर फ्रान्स्वांनी प्रसिद्ध केल्या. शब्द आणि चेहरा, दोहोंवर प्रेमाचा हात फिरला होता, आणि दोन्ही अर्धशतकानंतर मूळ रूपात परत मिळाले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून गौरवले, त्यामागील अभ्यासास या मूळ वह्यांचा आधार होता. नुसत्या गोंडस प्रतिमेवर आचार्यपद उभे राहू शकत नाही.

तरीही सेलीनला दोषी ठरवून मोकळे होणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. तिची बाजू विचारात घेण्यासारखी आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यासमोर काही सेकंद निश्चल बसावे लागे, आणि हसरा, क्षणोक्षणी बदलणारा चेहरा तेवढ्या वेळात ताठरून जाई. तेरेझेचा खरा भाव छायाचित्रात उतरलाच नाही, आपण काढलेले चित्रच तिच्याशी अधिक जुळते, असे सेलीनचे म्हणणे होते. जिने तिच्याबरोबर बालपण काढले तिचे हे मत उडवून लावता येत नाही. प्रेम करणाऱ्याला कॅमेऱ्यापेक्षा अधिक दिसते, हे खरे आहे. परंतु त्या प्रेमाने पाहिलेले चित्र आणि प्रकाशाने नोंदवलेले चित्र या दोन वेगळ्या साक्षी आहेत. एका साक्षीने दुसरीची जागा घेतली, येथे बिघाड झाला. आणि एक गोष्ट सेलीनच्या पदरात टाकलीच पाहिजे: तिने मूळ प्लेटा नष्ट केल्या नाहीत. त्या जपल्या, म्हणूनच १९६१ साल उगवू शकले.

आज आपल्या घरोघरी जे चालले आहे, त्याला ही कसोटी लावून पाहू. आजोबांचे डाग पडलेले छायाचित्र मोबाइलने टिपायचे, त्यास तपकिरी अथवा रंगीत करायचे, सुरकुत्या गुळगुळीत करायच्या, नवी प्रत चौकटीत घालून क्रुसाशेजारी लावायची, आणि मूळ प्रत रद्दीत किंवा वाळवीच्या स्वाधीन करायची, हा क्रम आता विरळा राहिलेला नाही. सेलीनने जे केले नाही, ते आपण करीत आहोत.

यातील रंगीत करण्याचा प्रकार तर अधिकच जपून हाताळण्याचा आहे. जुन्या काळच्या प्लेटा व फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. तांबडे ते सारे त्यांत काळे उतरे. वसईकडील आपल्या आज्या-पणज्यांचे लाल लुगडे जुन्या छायाचित्रात गडद काळसर दिसते ते यामुळेच. त्या काळसरपणात लाल रंग दडलेला आहे, हे जाणत्या माणसाला कळते. संगणकाला ते कळत नाही. इतर हजारो चित्रांवरून तो अंदाज बांधतो आणि लुगड्याला काळा, निळा, वाटेल तो रंग देऊन टाकतो. पुढच्या पिढीने तेच खरे मानले, तर एका समाजाच्या वेषाची नोंद आपल्याच हातांनी आपण खोटी केली असे होईल.

ही भीती अवास्तव नाही. २०२१ च्या एप्रिल महिन्यात एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळाने कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगातील बंदिवानांची रंगीत केलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. ख्मेर रूज राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, त्या तुरुंगात हजारोंचा छळ होऊन अंत झाला. रंग चढवणाऱ्याने त्यांपैकी काहींच्या चेहऱ्यांवर स्मितही घातले होते. मृतांच्या आप्तांनी व कंबोडियाच्या सरकारने तीव्र निषेध केल्यावर ती चित्रे मागे घेण्यात आली. मृतांना जवळचे, जिवंत, उबदार करून दाखवण्याच्या हौसेची ही टोकाची अवस्था. ज्यांना शेवटच्या क्षणी हसता आले नाही, त्यांना आपण आज हसवणे ही करुणा नव्हे. त्यांच्या यातनांचा तो अव्हेर आहे.

स्मरणिकांकडे पुन्हा वळू. तेथे आणखी एक चुकीची प्रथा रूढ होत आहे. सर्व पाने एकसारखी दिसावीत म्हणून १९३० सालचे चित्र आणि १९८५ सालचे रंगीत चित्र एकाच तपकिरी छटेत छापले जाते. संपादकांची अडचण आम्ही समजतो. निरनिराळ्या प्रतींचे, निरनिराळ्या रंगांचे साहित्य एकत्र बसवणे सोपे नसते. पण त्यामुळे पन्नासेक वर्षांचे अंतर पुसले जाते. ज्या धर्मगुरूंना पाहिलेली माणसे अजून मिस्साला येतात, ते एकाएकी इतिहासजमा होतात. शिवाय ही छटा बहुतेक वेळा पिवळी पडलेल्या कागदाची नक्कल असते. म्हणजे १८५५ साली ज्या दुखण्यावर औषध शोधण्यासाठी जाणत्या लोकांनी समिती बसवली, त्याच दुखण्याला आपण आज अलंकार म्हणून मिरवतो. घर जुने दिसावे म्हणून कोणी भिंतीला मुद्दाम ओल आणीत नाही.

मग उबदार छटा सर्वस्वी वर्ज्य मानावी काय? तसे आमचे म्हणणे नाही. अंधारखोलीत आजही काही कलावंत चांदीच्या चित्रास गंधकाचा, सेलेनियमचा वा सोन्याचा संस्कार देतात, आणि तो सावल्यांना खोली देतो व चित्राचे आयुष्य वाढवतो. तेथे रूप आणि हित एकत्र आहेत. संगणकावरही, जे मूळ चित्र तपकिरीच होते त्याची छटा छपाईत राखणे हा प्रामाणिकपणाच होय. ते काळे-पांढरे करून छापणे, उलट, चुकीचे. भिंतीवर लावण्यासाठी एखाद्या कुटुंबाने मऊ छटेची प्रत करून घेतली, तर त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. मूळ प्रत जपलेली असावी, आणि प्रतीला प्रत म्हणावे, एवढीच अट.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. जुने छायाचित्र आहे त्या रंगात, डागांसह, पूर्ण कडांसह स्कॅन करून ठेवावे. मागील बाजूही सोडू नये; स्टुडिओचा शिक्का, कोणाच्यातरी अक्षरात लिहिलेली तारीख, अमक्याच्या लग्नात असा शेरा, हे सारे तेथेच असते. मूळ प्रत कोरड्या जागी, आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावी. प्लास्टिकला चिकटू देऊ नये. चित्रातील माणसांची नावे, घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर, विचारून लिहून घ्यावीत. स्मरणिकेत बदललेले चित्र छापताना त्याखाली तसे स्पष्ट नमूद करावे. आपल्या धर्मग्रामांच्या कार्यालयांत बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या जितक्या निष्ठेने जपल्या जातात, तितकी निष्ठा या चित्रांच्याही वाट्यास यावी.

या साऱ्या विवेचनामागे आमची एक धारणा आहे आणि ती कलेपुरती नाही. आपला विश्वास देहधारी परमेश्वरावर आहे. पुनरुत्थित प्रभू शिष्यांपुढे उभा राहिला तेव्हा त्याच्या हातांवर आणि कुशीत जखमांच्या खुणा तशाच होत्या. वैभवाने त्या पुसल्या नाहीत, आणि संत थॉमसने प्रभूला ओळखले ते त्या खुणांवरूनच. ज्यांच्या पुनरुत्थानाची आपण आशा धरतो, त्या आपल्या प्रियजनांचे चेहरेही त्यांच्या सुरकुत्यांसह, आजारासह, उन्हाने रापलेल्या कातडीसह जपण्यास आपण का कचरावे? २ नोव्हेंबरला आपण त्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, त्या त्यांच्या खऱ्या नावाने. त्यांच्या चित्रांच्या बाबतीतही तोच नेम पाळला, तर आपल्या नातवंडांना पूर्वजांच्या जागी एक सुखद तपकिरी धुके न मिळता, ओळखता येतील अशी माणसे मिळतील.